रेस कुणीकडे जाते?

राजूर घाट उतरताना वडिलांच्या मोपेडची रेसची वायर तुटली, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बुलढाण्याहून मोताळ्याला निघालो होतो. दोन वळणं झाली आणि वडिलांच्या हातातली मूठ एकदम मोकळी फिरायला लागली. इंजिन पुटपुटत मिनिममवर आलं. उतार होता, म्हणून गाडी आपल्या वजनानं खाली जात राहिली. वडील ब्रेकवर बोटं ठेवून बसले आणि आम्ही जवळजवळ बिनआवाजाचे घाटाखाली आलो. मोताळ्याच्या गॅरेजवाल्यानं नळीतून तुटका धागा ओढून काढला, त्याचं फाटलेलं टोक नखावर घासून पाहिलं आणि म्हणाला, "तुटली म्हून वाचले, भाऊ. अडकली असती त पंचाईत होती."

त्या वाक्याचा अर्थ मला बराच उशिरा कळला. वायर तुटली की इंजिन शांत होतं, कारण कार्बोरेटरात एक स्प्रिंग बसलेली असते आणि ती सदैव हवेची वाट बंद करायला टपलेली असते. आपण मूठ पिळतो म्हणजे त्या स्प्रिंगशी भांडून वाट उघडतो. हात सुटला, वायर तुटली, माणूस गाडीवरून पडला, काहीही झालं तरी स्प्रिंग आपलं काम करते. स्कूटर, जीप, ट्रक, सगळीकडे हाच रिवाज. रस्त्यावर थांबणं सुरक्षित, म्हणून स्प्रिंग थांबण्याकडे ओढते.

काही वर्षांपासून मला हलक्या विमानांच्या इंजिनांची मॅन्युअलं वाचायचा नाद लागला आहे. आमच्या जिल्ह्यात विमानतळ नाही, माझ्या घरात कुणी वैमानिक नाही. पण गॅरेजच्या बाकड्यावर बसून जे बालपण गेलं त्यानं कार्बोरेटरची चित्रं वाचायची सवय लावली. या मॅन्युअलांत रोटॅक्स ९१२ या इंजिनाचं कार्बोरेटर पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा चित्र उलटं छापलंय असं वाटलं. स्प्रिंग झडप उघडीकडे ओढत होती. वायर बंदीकडे. म्हणजे वायर तुटली तर हे इंजिन शांत होणार नाही. ते पूर्ण रेस घेईल.

रोटॅक्स ९१२ हे ऑस्ट्रियातल्या गुन्सकिर्खेन गावी बनणारं चार सिलिंडरचं इंजिन. एका प्रकारात ८० अश्वशक्ती, दुसऱ्यात १००. जगातल्या दोन आसनी हलक्या विमानांपैकी फार मोठ्या संख्येला हेच बसवलेलं असतं. त्याच्या नेहमीच्या प्रकारात दोन बिंग कार्बोरेटर असतात, एक डाव्या बाजूच्या दोन सिलिंडरांसाठी, एक उजव्या. प्रत्येकाला आपली झडप, आपली दांडी, आपली स्प्रिंग, आपली वायर. कॉकपिटातल्या एकाच दांड्याला या दोन्ही वायरी येऊन मिळतात. आणि वायर ही वायरच असते: ती ओढू शकते, ढकलू शकत नाही. वैमानिक दांडा मागे घेतो तेव्हा वायर झडप मिटवते. दांडा पुढे ढकलतो तेव्हा त्याचा हात झडप उघडत नाही, तो फक्त वायर सैल सोडतो. उघडते ती स्प्रिंग. उड्डाणाची सगळी ताकद त्या बोटाएवढ्या तारेच्या वेटोळ्याच्या हातात असते.

हे कशासाठी, ते समजायला धावपट्टी सुटल्यानंतरचं पहिलं मिनिट आठवावं. विमान दोनशे फुटांवर आहे, नाक वर आहे, वेग जेमतेम आहे. अशा वेळी इंजिन मिनिममवर आलं तर वैमानिकाकडे समोर जे काही असेल त्यात उतरण्याखेरीज फारसं काही उरत नाही. उंची असली तर निदान घसरगुंडी मिळते. साधारण हलकं विमान बंद इंजिनानं एक फूट खाली येताना दहा फूट पुढे जातं. हजार फुटांवरून सुमारे तीन किलोमीटर. आमच्या लोणारचं विवर काठापासून काठापर्यंत १.८ किलोमीटर आहे, म्हणजे हजार फुटांवर असाल तर विवर ओलांडून पलीकडचं एखादं सोयाबीनचं रान गाठता येईल. दोनशे फुटांवर असाल तर विवराचा मध्यही गाठता येणार नाही. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून निघालेलं एक सेस्ना १५२ इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात येऊन पडलं. एकटी उडणारी शिकाऊ वैमानिक मुलगी वाचली. शेतात पडलेल्या त्या विमानाची छायाचित्रं ज्यांनी पाहिली, त्यांना इंजिनाची साथ सुटणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

म्हणून हवेत थांबणं हा धोका आणि चालत राहणं ही सुरक्षा. पूर्ण रेसवर अडकलेलं इंजिन घेऊन वैमानिक वर चढू शकतो, वळू शकतो, विमानतळावर परतू शकतो, आणि धावपट्टी हमखास हाती आली की इग्निशनचे स्विच बंद करून घसरत उतरू शकतो. अवघड आहे, पण त्याच्या हातात वेळ असतो. अमेरिकेच्या छोट्या विमानांच्या भाग २३ या नियमावलीत २०१७ पर्यंत यासाठी स्वतंत्र कलम होतं: एका इंजिनाच्या विमानात कंट्रोलची जोडणी इंजिनाजवळ सुटली, तरी विमानाला सुरक्षित उडत राहून उतरता आलं पाहिजे.

गंमत अशी की उडणाऱ्या इंजिनांची सुरुवातच पूर्ण रेसवर झाली. राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या विमानाला थ्रॉटल नव्हतं. ठिणगीची वेळ मागेपुढे करून जमिनीवर इंजिनाचा वेग थोडा बदलता येई, एवढंच. पहिल्या महायुद्धातली नोम मोनोसुपाप इंजिनं सिलिंडरांसकट गरगर फिरत आणि चालली की पूर्ण ताकदीनंच चालत. उतरताना वैमानिक एक बटण दाबून ठिणगी तोडे, सोडून पुन्हा जोडे, पुन्हा तोडे. आजच्या वैमानिकाला वायर तुटल्यावर जे करावं लागतं ते त्या काळी रोजचं होतं.

स्प्रिंग इंधनाकडे ओढते हे आमच्या शेतकऱ्यांना मात्र नवं वाटू नये. घाटाखालच्या विहिरींवर ऑइल इंजिनं धडधडत होती तेव्हा त्यांचा गव्हर्नर याच न्यायानं चाले. आत दोन वजनं फिरत. वेग वाढला की ती बाहेर फाकत आणि इंधन कमी करत. त्यांच्याविरुद्ध एक स्प्रिंग असे, ती इंधन वाढवायला ओढे. वेग म्हणजे त्या दोघांमधली तडजोड. वजनांकडची जोडणी सुटली की स्प्रिंगला अडवणारं कुणी राहत नसे आणि इंजिन "पळायचं". पळालेल्या इंजिनाच्या हवेच्या तोंडावर पोतं दाबून ते बंद करणारी माणसं गावोगाव होती. जमिनीवर तो अपघात. तीच रचना दोनशे फुटांवर नेली की ती आधार होते. स्प्रिंग तीच, तिची दिशा बरोबर की चूक हे ती कुठं बसली आहे यावर ठरतं.

आता या स्प्रिंगांविरुद्धच्या तक्रारीकडे येतो, कारण त्यांनी हलकी विमानं उडवणाऱ्यांना मनस्तापही पुष्कळ दिला आहे. दोन कार्बोरेटर म्हणजे दोन स्प्रिंगा, आणि दोघींची ओढ कॉकपिटातल्या एका दांड्यावर. वैमानिकानं हात काढला की दांडा आपोआप पुढे सरकतो. जमिनीवर टॅक्सी करताना हे फार जाणवतं: नकाशा नीट करायला हात उचलावा तर विमान वेग घ्यायला लागतं, मग ब्रेक दाबा, ब्रेक तापवा. उतरताना दांडा बोटभर पुढे सरकला तर विमान धावपट्टीवर टेकायलाच तयार होत नाही, तरंगत राहतं, आणि छोट्या धावपट्टीवर तरंगण्याला जागा नसते. क्रूझमध्ये लावलेले आरपीएम हळूहळू वर चढतात. या इंजिनाची पूर्ण रेस ५,८०० फेऱ्यांची आहे आणि ती पाच मिनिटांपुरतीच चालते. सतत चालवायची मर्यादा ५,५००. दांडा मनानं सरकणं म्हणूनच नुसती कटकट राहत नाही.

यावर पहिला उपाय घर्षणाचा. दांड्याच्या बुडाशी एक गोल नट किंवा चकती असते, ती आवळली की दांडा जागेवर राहतो. पण स्प्रिंगांना पुरून उरेल इतकी ती आवळली तर दांडा जड होतो, अडखळत सरकतो, आणि उतरताना पाव इंच हलवायचा तर अर्धा इंच उडी मारतो. दुसरा उपाय आट्यांच्या कंट्रोलचा. यात मूठ फिरवून बारीक फरक करता येतो आणि गरज पडली तर मधलं बटण दाबून सरळ ढकलता येतं. कॅन्ससमधली मॅकफार्लेन ही कंपनी याचाच एक सुधारलेला प्रकार बनवते: बटण न दाबताही ढकलता-ओढता येतो, फिरवला तर बारीक चालतो आणि सोडला तर राहतो. बऱ्याच हलक्या विमानांच्या मालकांनी साधा दांडा काढून हा बसवला आहे. मला ही सुधारणा प्रामाणिक वाटते, कारण ती माणसाच्या हाताकडची अडचण हाताकडेच सोडवते. इंजिनाकडची स्प्रिंग जशी होती तशी राहते.

तिसरा उपाय मोहात पाडणारा आहे: कार्बोरेटरवरच्या स्प्रिंगा काढून हलक्या बसवायच्या. दांडा लोण्यासारखा चालतो. पण झडप उघडण्याची ताकद त्या स्प्रिंगेतच आहे, आणि तिला नुसती झडप उघडायची नसते. वायरीच्या नळीतलं घर्षणही पार करायचं असतं. नवी वायर गुळगुळीत असते. दोन पावसाळे गेले, नळीत धूळ आणि ओल गेली, एखादा धागा उसवला, की घर्षण वाढतं. मग वैमानिक पूर्ण रेस देतो, दांडा पुढच्या टोकाला टेकतो, आणि एका बाजूची झडप तीन चतुर्थांशावरच रेंगाळते. मे महिन्यात मलकापूर-खामगावच्या उन्हात हवा विरळ झालेली असते, पंख आणि इंजिन दोघंही कमी देतात. अशा दुपारी अर्ध्या इंजिनाची तेवढी कसर पुरेशी घातक ठरते. आणि वायर तुटलीच तर थरथरत्या इंजिनावर ती हलकी स्प्रिंग झडप पूर्ण उघडी धरून ठेवेल याची खात्री कोण देणार?

स्प्रिंगेच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. रॉबर्ट हुकनं १६७८ मध्ये ताण आणि ओढ यांचं साधं प्रमाण छापून सांगितलं, ते आपण शाळेत शिकतो. पण वेटोळ्याच्या स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, हे गॅरेजच्या डब्यात स्प्रिंग शोधताना आठवत नाही. एक मिलिमीटरच्या तारेऐवजी १.१ मिलिमीटरची तार घेतली, बाकी सगळं तसंच ठेवलं, तर १.१ चा चौथा घात १.४६, म्हणजे स्प्रिंग जवळपास दीडपट कडक झाली. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. वेटोळ्याचा व्यास थोडा मोठा घेतला तर तिसऱ्या घातानं ढिली होते. आमच्याकडच्या मिस्त्रीचा "मिळतीजुळती टाकून देऊ" हा शब्द मोपेडला चालतो, आणि त्या शब्दावर माझं बालपण सुखानं गेलं आहे. पण दोन कार्बोरेटरच्या इंजिनावर मिळतीजुळती स्प्रिंग एका बाजूला बसली की डावं आणि उजवं एकमेकांशी भांडायला लागतात. बदलायची तर जोडीनं, निर्मात्यानं सांगितलेली, नवी. शिवाय स्प्रिंग बहुतेक वेळा वेटोळ्यात तुटत नाही. ती आकड्याच्या वाकणाला तुटते, जिथं तार वळवताना ताण साचलेला असतो. तिथं भिंग लावून पाहावं लागतं. तो आकडा ज्या भोकात अडकतो ते भोक थरथरीनं लांबट झालंय का, तेही.

चौथा उपाय मला सर्वांत शहाणा वाटतो. कार्बोरेटरवरच्या स्प्रिंगांना हात लावायचा नाही. कॉकपिटाच्या बाजूला, दांडा ज्या आडव्या दांडीवर फिरतो तिथं, उलट दिशेनं ओढणारी एक स्प्रिंग लावायची. दोन्हींची ओढ एकमेकींना खाते, हाताला दांडा हलका लागतो आणि जागेवर राहतो. वायर पुढे कुठंही तुटली तरी ही नवी स्प्रिंग तुटलेल्या वायरीच्या अलीकडेच राहते. पलीकडे इंजिनाजवळची जुनी स्प्रिंग मोकळी होऊन झडप उघडते. या स्प्रिंगेची ओढ मात्र मोजून ठेवावी लागते. ती जास्त झाली तर दांडा मागे सरकायला लागेल, आणि मागे सरकणारा दांडा उड्डाणात पुढे सरकणाऱ्यापेक्षा वाईट.

वायर बदलण्याचं काम ऐकायला सोपं आहे. नळीतून सरकणाऱ्या या तारेला बाउडेन केबल म्हणतात. अर्नेस्ट बाउडेन या आयरिश माणसानं १८९६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. सायकलचा ब्रेक, मोपेडची रेस आणि विमानाचं थ्रॉटल यांची ती एकच आजी. नळीचं प्रत्येक वळण ऐसपैस हवं, कारण वळण आवळलं की घर्षण वाढतं. सायलेन्सरपासून लांब, कुठं घासणार नाही अशी, दोन्ही टोकांना पक्की धरलेली. नळीचं टोक ढिलं असेल तर वैमानिक ओढतो ती नळी, तार नव्हे. आणि एक नियम जो जुने तंत्रज्ञ कधी मोडत नाहीत: झडपेची दांडी कार्बोरेटरवरच्या अडणीला आधी टेकली पाहिजे, कॉकपिटातला दांडा आपल्या अडणीला नंतर. दोन्ही टोकांना, मिनिममलाही आणि फुललाही. उलटं झालं तर वैमानिकाला वाटतं पूर्ण दिलं, आणि झडपेला थोडं उरलेलंच असतं.

मग खरी परीक्षा, दोन कार्बोरेटर एका सुरात आणण्याची. आधी नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी: दोन्ही दांड्या एकाच क्षणी हलायला लागतात का, एकाच क्षणी टेकतात का. नंतर निर्वाताचे दोन मीटर लावून, इंजिन चालू ठेवून. या इंजिनाच्या दोन्ही बाजूंना जोडणारी एक नळी असते, ती दोघांतला फरक आतल्या आत वाटून घेते. मोजताना ती वेगळी करावीच लागते; नाही तर दोन्ही मीटर गोडगोड सारखेच बोलतात आणि आतलं भांडण झाकलेलं राहतं. मिनिममवर जुळवायचं आणि रेस थोडी वाढवून पुन्हा जुळवायचं. मिनिममवर जुळलेली जोडी वरच्या रेसला फुटू शकते. जुळणी चुकली तर मंद चालताना इंजिन थडथडतं, आणि ती थडथड पंख्यापर्यंत जाणाऱ्या गिअरबॉक्सला सोसावी लागते. म्हणून हे इंजिन १,४०० फेऱ्यांच्या खाली चालवत नाहीत. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजच्या हंसा-एनजी या विमानात याच इंजिनाचा इंधन-फवाऱ्याचा प्रकार आहे. त्यात कार्बोरेटरच नाहीत, त्यामुळे दोघांची समजूत काढायची वेळ येत नाही.

दोनांपैकी एकच वायर तुटली तर? तुटलेल्या बाजूची झडप पूर्ण उघडते, दुसरी अजून दांड्याच्या ऐकण्यात असते. वैमानिक दांडा मागे घेतो आणि इंजिन भयंकर हादरायला लागतं: अर्धं धावतंय, अर्धं थांबतंय. अनुभवी शिक्षक सांगतात ते मनाला उलटं वाटतं, पण बरोबर आहे. दांडा पुन्हा पुढे न्या, दोन्ही बाजू एक करा, हादरा थांबवा, उंची घ्या, धावपट्टीच्या डोक्यावर या, मग स्विच. तुटलेल्या बाजूला जाऊन मिळणं हाच तिथं मार्ग. माझ्या वडिलांनी घाटात ब्रेकवर बोटं ठेवली, इथं वैमानिकाला पूर्ण रेस घ्यावी लागते.

हाताच्या सवयीवर इतकं सगळं टेकलेलं आहे, म्हणून दिशेचा प्रश्न विमानांच्या जगात कधीच किरकोळ नव्हता. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या फ्रेंच लढाऊ विमानांत थ्रॉटल उलटं चाले: मागे ओढलं की ताकद वाढे. फ्रान्ससाठी अमेरिकेत बनलेली कर्टिस विमानं फ्रान्स पडल्यावर ब्रिटिशांकडे आली आणि 'मोहॉक' या नावानं भारतात, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडाली. ब्रिटिशांनी आधी त्यांची थ्रॉटलं उलटी करून घेतली. संकटात हात शिकलेल्या दिशेलाच जातो, विचार नंतर पोहोचतो.

आमच्या भागात ही विमानं आहेत तरी कुठं, असा प्रश्न वाचकाला पडेल. २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाची विमानं औरंगाबादहून उडाली तेव्हा माना वर झाल्या, तेवढंच. जवळचा जुना विमानतळ म्हणजे अकोल्याचं शिवणी. पण हलक्या विमानांचं नातं वाटतं तेवढं दूरचं नाही. एनसीसीच्या हवाई शाखेत मुलं पूर्वी झेन एअर सीएच ७०१ या मायक्रोलाइटवर शिकत. २०१५ मध्ये स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीशी १९४ विमानांचा करार झाला, त्यातली ११० एनसीसीसाठी. ८० अश्वशक्तीचं रोटॅक्सच त्यांत आहे. बंगळुरूच्या राज हंस कंपनीच्या एका मायक्रोलाइटचं नाव 'हनुमान'. नांदुऱ्याच्या १०५ फुटी हनुमानाला वळसा घालून रोज मुंबई-कोलकाता महामार्गानं जाणाऱ्यांना ते नाव ऐकून बरं वाटेल. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला प्रवासी सेवा सुरू झाली, आणि तिथंच एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहत आहे. तिच्यासाठी ३१ पायपर आणि ३ डायमंड अशी ३४ विमानं मागवल्याचं २०२५ च्या सुरुवातीला जाहीर झालं. विमानं आली की त्यांची देखभालही येते. खामगाव-चिखलीच्या आयटीआयतून निघणाऱ्या, शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून निघणाऱ्या मुलामुलींना हे काम मोटारीच्या शोरूमइतकं जवळचं वाटायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हात आमच्याकडे आहेतच. मोताळ्याच्या त्या गॅरेजवाल्यानं तुटका धागा नखावर घासून पाहिला, ते शिकवून येत नाही. शिकावं लागेल ते कागदाचं काम. विमानावरची स्प्रिंग बदलताना तिचा भाग क्रमांक, कुणी बसवली, कुणी तपासली, इंजिनाचे किती तास झाले होते, हे लॉगबुकात लिहिल्याशिवाय काम झालं असं धरत नाहीत. मूळ रचनेत बदल करायचा, वेगळा दांडा किंवा वेगळी स्प्रिंग घालायची, तर निर्मात्याची आणि नियामकाची लेखी संमती लागते. अनेकांना ही लालफीत वाटते. मला वाटत नाही. चौथ्या घाताचं गणित ज्यानं केलं आहे त्याची सही मागणं यात वावगं काय?

अर्थात कागदाचा काच किती असतो हेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी ते रांगा लावून पाहिलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी मिळाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये, व्हीटी-एनएमडी या अक्षरांनी. धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणीचं उड्डाण झालं २०२० मध्ये. गच्चीवर विमान बांधणारा माणूस वायर, नळ्या, बिजागऱ्या, स्प्रिंगा यांच्याशी वर्षानुवर्षं एकटा झुंजला असणार, आणि पुढची वर्षं फायलींशी. नियम कडक असावेत. पण असा माणूस दारात आला तर त्याच्याशी बसून बोलणारं कुणी तरी त्या दाराआड असावं, एवढी अपेक्षा जास्त नाही.

थ्रॉटलचं काम संपल्यावर एक शेवटची चाचणी करता येते. इंजिन थंड, इग्निशन बंद, चाकांना ठोकळे. एक जण कॉकपिटात बसून दांडा पूर्ण मागे धरतो. दुसरा इंजिनाशी वाकतो, एका बाजूच्या वायरीची पकड ढिली करतो आणि बोट काढून घेतो. स्प्रिंग दांडीला उघडीकडे नेते, दांडी अडणीवर आपटते, टक्. वायर पुन्हा जोडतात, नट आवळून सेफ्टी वायर घालतात आणि दुसऱ्या बाजूला जातात. तिथंही तसाच टक् ऐकू आला पाहिजे. आवाज मऊ आला, दांडी वाटेत रेंगाळली, तर लॉगबुक उघडायचंच नाही. वायर नळीतून बाहेर काढायची आणि तिचं टोक उजेडात धरून नखावर घासून पाहायचं.